देवाच्या कोनाड्यातलं चीज

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. 'देवाच्या कृपेनं आम्ही दोघं ठीक आहोत' असं मी दरवेळी लिहिते, पण या खेपेला 'दोघं' लिहिताना पेन जरा अडखळलं. घाबरू नका. तुमचे दादा माझ्या समोरच बसलेत आणि रागारागानं गाजर खातायत.

झालं असं, की यांच्या बसखात्यात ड्रायव्हरांची वार्षिक आरोग्य तपासणी होती. डॉक्टरीणबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. हे वर पोचले ते छातीवर हात ठेवून. बाईंनी विचारलं, "काय होतंय?" हे म्हणाले, "काही नाही, शर्टाचं बटण शोधतोय." बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. रक्त काढलं. कोलेस्टेरॉलचा आकडा आला दोनशे अडुसष्ट.

आता तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणार. आकडा दोनशे दहाच्या खाली आला तर गाडी यांची. नाही आला तर यांना स्टिअरिंगवरून उठवून तिकीट-खिडकीत बसवणार. सव्वीस वर्षं चौदा नंबरची बस चालवली या माणसानं. घरी येऊन म्हणाले, "खिडकीत बसवलं तर मी महिन्यात मरेन, लिहून ठेव." मी नाही लिहून ठेवलं. वहीत वाईट लिहू नये.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. आपल्या सिंकचा पाइप तुपकट खरकट्यानं आतून तुंबतो ना, तशा रक्ताच्या नळ्या आतून तुंबतात. म्हणून मांस, अंडी, लोणी, चीज, साय, तळण सगळं बंद. कडधान्यं, पालेभाज्या, फळं, ओट्स, कोंडा न काढलेलं पीठ, मूठभर अक्रोड, हे चालू. थोडक्यात, जे जमिनीतून उगवतं ते खायचं आणि ज्याला डोळे आहेत त्याचं काही खायचं नाही. यावर यांनी विचारलं, "बटाट्याला डोळे असतात, ते चालतात का?" बाई हसल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या दुकानातलं लोणी-चीज आता पाठवू नका. परवाच तुमचं पार्सल आलं, दोन किलो लोणी आणि तो एवढा मोठा चीजचा गोळा. परत पाठवणं बरं दिसत नाही. टाकून द्यायचा तर प्रश्नच नाही, अन्न आहे. बघते काय करायचं ते.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि दह्याच्या डब्यावर बसून रडले. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.

कोण ही डॉक्टरीण? माझा दादा लोण्यावर वाढलेला माणूस आहे. लहानपणी आई माझ्या पावाला लोणी लावायची आणि दादाच्या लोण्याला पाव. त्या लोण्याच्या जिवावर तो आठ मैल सायकल हाणायचा. आता त्याला पाला घालणार तुम्ही? बकरी बांधलीय का दारात?

आणि माझा विचार करा. गावात मी लोणीवाली बाई म्हणून ओळखली जाते. लोणीवालीच्या सख्ख्या भावाला लोणी बंद! हे इथं कळलं तर समोरचा तेलवाला मला बघून शिट्टी वाजवेल.

वहिनी, मी तुमचा शब्द मोडत नाही. पण बहिणीची माया आहे, तिला काय करू? सोबत थोडंसं पाठवतेय. एक किलो लोणी, अर्धा किलो खारवलेलं चीज आणि घट्ट सायीची बरणी. तुम्ही शहाण्या आहात. कुठं, कसं, किती, ते तुम्ही ठरवा. मी काही विचारणार नाही.

तुमची वन्सं


२३ फेब्रुवारी

वन्सं,

पार्सल पोचलं. तुमच्या मायेला काय म्हणावं! पण देवाशपथ सांगते, पुरे आता. पहिलंच अजून पुरतं संपलं नव्हतं.

मी नवी वही घातलीय. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, घरात जे येतं आणि जातं ते कागदावर उतरल्याशिवाय मला झोप लागत नाही. या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे 'यांच्या पोटात काय गेलं', उजवीकडे 'उरलेल्याचं काय झालं'. रोज दिवा लावून झाला की देवापुढे बसून भरते. देवापुढे खोटं लिहिता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, शेवटच्या तपासणीला वही घेऊन या.

पहिले दोन आठवडे कसे गेले, ते माझं मला माहीत. सकाळी ओट्स समोर ठेवले तर म्हणाले, "हे भिंतीला लावायचं का?" दुपारच्या डब्याला हे 'चारा' म्हणतात. एकदा ओरडले, "मी काय बैल आहे?" मी म्हटलं, "बैलाला कधी हृदयाचं दुखणं झाल्याचं ऐकलंय?" यांनी ताट पुढं ओढलं आणि कोबी खाल्ला.

खरा घोटाळा कडधान्यानं केला. राजमा, चणे, वाटाणे मी रोज घालते. नवव्या दिवशी यांच्या कंडक्टरनं, ज्याला सगळा डेपो 'शिट्टी' म्हणतो त्यानं, मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "वहिनी, साहेबांना काय खायला घालता? चौदा नंबरच्या पुढच्या चार बाकांवर हल्ली कुणी बसत नाही. मागं माणसं उभी असतात आणि पुढं रिकामं." मी लाजेनं अर्धी झाले. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नीट शिजवा, पोटाला सवय व्हायला तीन आठवडे लागतात. तोवर शिट्टीनं पाटी लावलीय, 'पुढील खिडक्या उघड्या ठेवाव्यात'.

तुमचं लोणी-चीज यांच्या नजरेला पडू नये म्हणून मी देवाच्या कोनाड्यात, मूर्तीच्या मागं ठेवते. फ्रिज हे दिवसातून दहा वेळा उघडतात, देवाकडे मात्र वर्षातून एकदा बघतात. शेजारणीला द्यावं तर तिच्या तोंडात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत यांच्या कानावर जाईल. पण तुम्ही काळजी करू नका, सगळं कारणी लागतंय. चीज फारच सुरेख होतं. पावावर लोण्याचा जाड थर आणि वर चीज, जीव तृप्त होतो.

तुमची वहिनी


४ मार्च

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. 'कारणी लागतंय', 'जीव तृप्त होतो'. अहो, मी दुकानदार आहे, मला अर्ध्या शब्दात कळतं! डॉक्टरणीच्या तोंडाला वही आणि दादाच्या तोंडाला लोणी. आणि लपवायची जागा तरी काय शोधलीत, देवाच्या मागं! मी हसून हसून ताकात चमचा पाडला. तुम्हाला मी उगाच साधी समजत होते.

आपलं गुपित आपल्यात. मी कुणाला बोलायची नाही. मोठं पार्सल पाठवतेय, लोणी दोन किलो, तिन्ही प्रकारचं चीज आणि दाट सायीच्या दोन बरण्या. लागेल तसं मागवा.

खिडक्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यावर लोणी चांगलं.

तुमची वन्सं


२१ मार्च

वन्सं,

आनंदाची बातमी. यांचं वजन साडेचार किलो उतरलं. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. पोटाची तक्रार गेली, पुढचे बाक पुन्हा भरले. जिना चढताना यांचा हात छातीवर जात नाही, कठड्यावरही जात नाही. काल तर तीन मजले चढून गेले आणि वरून मला हाका मारत होते, "किती वेळ? म्हातारी झालीस का?"

मी आपली दुसऱ्या मजल्यावर टेकले होते. सध्या मला जिना फार लागतो. पायऱ्या जुन्या झाल्यात, मधे खचल्यात, त्यामुळं उंच लागत असणार. आणि माझे सगळे कपडे आटलेत, वन्सं. साबण बदलला होता, स्वस्तातला आणला, त्याचा परिणाम. अंगठीही बोटातून निघत नाही. पण अंगठी काही साबणानं आटत नाही, तेव्हा ते उन्हाळ्यानं असेल.

दुसरी बातमी तर विश्वास बसणार नाही अशी. तुमचे दादा देवभक्त झाले! ड्यूटीवर जायच्या आधी आणि आल्यावर कोनाड्यासमोर उभे राहतात. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि लांब लांब श्वास. परवा तर पाच मिनिटं हलले नाहीत. चेहऱ्यावर असं काही समाधान की मलाच भरून आलं. सव्वीस वर्षं मी यांच्यासाठी प्रार्थना केली, एका कोबीनं काम केलं.

मीही देवाला रोज एकच सांगते. म्हणते, यांच्या रक्तातली चरबी काढ. तुला ठेवायला जागा नसेल तर मला दे, पण यांना गाडीवर ठेव. तपासणी सात मेला आहे. दिवस मोजतेय. रात्री हे झोपेत हात फिरवतात, स्टिअरिंग फिरवल्यासारखे. या माणसाला खिडकीत कसं बसवायचं?

मोठं पार्सल मिळालं. साय उन्हाळ्यात टिकत नाही म्हणून ती आधी संपवावी लागली. इतकं पाठवू नका हो, माझी फार धावपळ होते.

तुमची वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

साडेचार किलो! मी पहिल्यापासून म्हणत होते. लोणी खाऊन माणूस उतरतो, हे आता सिद्ध झालं. त्या डॉक्टरणीला माझ्याकडे शिकायला पाठवा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी तेलवाला दुकानासमोर उभा राहून गिऱ्हाइकांना सांगत होता, लोण्यानं हृदय बिघडतं. मी म्हटलं, थांब. दुकानावर मी एक पाटी लावलीय. काय ते लिहीत नाही, तुम्ही याल तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रंगाऱ्याला बोलावून तांबड्या अक्षरात करून घेतली. बाजारात चर्चा आहे.

दादा देवभक्त झाला हे मात्र पटेना. लहानपणी प्रार्थनेला उभा केला की हा गुडघ्यामागं गुडघा खाजवायचा. पण लोणी काय काय करतं, कुणी सांगावं!

नेहमीचं पार्सल निघालंय. आणि तुमच्या जिन्याचं काय ते बघा. घरमालकाला सांगा.

तुमची वन्सं


१८ एप्रिल

वन्सं,

थोडक्यात लिहिते, जरा दमल्यासारखं झालंय.

काल बाजारातून येताना मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले ती उठवेना. हे वरून खाली आले. मला वाटलं, आता थट्टा करणार. तर माझ्या शेजारी पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि मटारच्या शेंगा सोलायला लागले. अर्धा किलो सोलून झाल्यावर म्हणाले, "चल." आम्ही वर गेलो. मी म्हटलं, "तुम्हाला उशीर झाला." म्हणाले, "चौदा नंबर माझ्याशिवाय सुटत नाही." मग मधेच म्हणाले, "अजून वीस दिवस सुटत नाही." आणि एकटेच हसले. मला हसता आलं नाही.

पार्सल आलं. आता हे शेवटचं, माझी शपथ आहे. संपवता संपवता माझा दम निघतो. वहीचा उजवा रकाना भरून वाहायला लागलाय, मागं पुरवणी पानं शिवलीत.

तुमची वहिनी


८ मे

वन्सं,

काल तपासणी झाली. सगळं ओळीनं सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

आम्ही दोघं आणि शिट्टी असे गेलो. शिट्टी कशाला, तर म्हणाला, मीही साक्षीदार आहे, खिडक्या मी उघडल्यात. रक्त दोन दिवस आधीच दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद काढला, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. यांनी माझा हात इतका घट्ट धरला की ती अंगठी बोटात रुतली. बाई म्हणाल्या, "एकशे शहाण्णव."

वन्सं, मी खुर्चीतच देवाला नमस्कार केला. शिट्टीनं खरोखरची शिट्टी वाजवली. बाहेर रांगेतले चार ड्रायव्हर गाडी सुटली समजून उभे राहिले. बाईंनी यांच्या कागदावर 'गाडी चालवण्यास योग्य' असा शिक्का मारला. यांनी तो शिक्का फुंकर घालून वाळवला, लहान मुलासारखा.

मग बाई म्हणाल्या, "वही बघू." मी मोठ्या अभिमानानं दिली. त्या वाचत गेल्या. "वा! शाबास! काय सुंदर हिशेब ठेवलाय!" मी आपली पदर सावरून बसले. मग त्यांचं बोट उजव्या रकान्यात गेलं आणि तिथंच थांबलं.

"हे सगळीकडे 'मी' लिहिलंय, ते काय?"

"मी म्हणजे मी."

"लोणी तीनशे ग्राम, मी. चीज पाव किलो, मी. सायीची बरणी एक, मी. म्हणजे काय?"

"म्हणजे उरलेलं मी संपवलं. टाकणार कुठं? अन्न आहे."

"पण घरात पथ्य चालू होतं ना?"

"पथ्य यांचं होतं. चिठ्ठीवर नाव यांचं होतं. माझं कुठं लिहिलं होतं?"

बाईंनी पेन्सिल घेतली आणि माझ्याच वहीत माझ्याच पद्धतीनं बेरीज केली. तेरा आठवड्यांत लोणी सात किलो, चीज साडेपाच किलो, सायीच्या सहा बरण्या. शिवाय यांना बंद झाली म्हणून उरलेली अंडी आणि फ्रीजरमधलं मांस. मी म्हटलं, "बेरीज बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार?

बाई उठल्या आणि माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. पुन्हा बघितला. मग विचारलं, "जिना चढताना काय होतं?" मी पायऱ्या खचल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "ती बसते. महिनाभर रोज बसते. मी दिवस मोजून ठेवलेत." आवाज असा होता की मी यांच्याकडे बघितलंच नाही.

माझं रक्त काढलं. आज आकडा आला. दोनशे एक्क्याऐंशी.

यांच्या जुन्या आकड्यापेक्षा तेरानं जास्त. यंत्रावर हृदयाची रेघही काढली. ती ठीक आहे, झटका वगैरे काही आलेला नाही. वेळेत सापडलं म्हणाल्या. गोळी दिलीय, रक्तदाबाची, आणि ती मनानं थांबवायची नाही. बाकी चिठ्ठीवर या खेपेला माझं नाव आहे, स्पष्ट अक्षरात.

घरी आल्यावर हे थेट कोनाड्याकडे गेले. मूर्ती बाजूला केली आणि मागचं चीज काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "फेब्रुवारीपासून."

"मग खाल्लं कसं नाहीत?"

"मला वाटलं, तू माझी परीक्षा घ्यायला ठेवलंयस. रोज दोनदा वास घ्यायचो. वासाला तुझ्या वहीत रकाना नव्हता."

म्हणजे ती भक्ती, वन्सं! आणि मी डोळे भरून बघत होते.

मला एक कळत नाही. तुम्हाला मी प्रत्येक पत्रात सांगत होते, संपवतेय, संपवतेय. तुम्हाला वाटलं तरी काय?

तुमची वहिनी


१४ मे

वहिनी,

मला वाटलं दादा खातोय.

घ्या, लिहिलं. आता काय मारायचं ते मारा. मला वाटलं, तुम्ही डॉक्टरणीला फसवून दादाला चोरून लोणी चारताय, आणि दादा लोणी खाऊन बारीक होतोय. आता लिहिताना दिसतंय किती मूर्खपणा होता तो, पण त्या वेळी सगळं कसं जुळत होतं! आणि तुमचे कपडे आटले, अंगठी अडकली, जिना उंच झाला, हे मी वाचलं आणि घरमालकाला सांगा म्हणाले. सात किलो लोणी मी स्वतःच्या हातानं बांधून माझ्या वहिनीच्या काळजात भरलं.

आणि पाटीचं तर विचारूच नका. तांबड्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या सख्ख्या भावाचं हृदय आमच्या लोण्यानं सुधारलं.' सहा आठवडे होती. आख्ख्या बाजारानं वाचली. शाळामास्तरांनी तर एकाऐवजी दोन किलो न्यायला सुरुवात केली होती. काल त्यांना हाताला धरून परत बोलावलं आणि खरं सांगितलं. ते म्हणाले, "तरीच!" आणि तिथंच रिकाम्या पिंपावर बसले. त्यांनाही तपासायला पाठवलंय.

रंगाऱ्यानं पाटी बदलली. आता लिहिलंय, 'आमचं लोणी चांगलं आहे. थोडं खा.' तेलवाला येऊन उभा राहिला. वाटलं, आता शिट्टी वाजवणार. तर म्हणाला, "ताई, माझ्यासाठी पण एक असली पाटी करायला सांगा, तेलाची."

एक विचारू का? तुम्ही देवाला काय म्हणाला होतात ते आठवतंय? 'यांची चरबी मला दे.' अहो, देवानं पार्सल दिल्या पत्त्यावर पोचवलं! असं कुणी मागतं का? माझ्या दुकानातलं पोर सुद्धा माल देताना आधी विचारतं, ठेवायला जागा आहे ना.

हसवायला लिहिलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही बऱ्या व्हा. या खेपेच्या पार्सलात अक्रोड, राजमा आणि जवस आहे. लोणीवालीच्या दुकानातून जवस निघालं, हे कुणाला सांगू नका.

तुमची वन्सं


२७ मे

चिमणे,

तुझी वहिनी रुसली आहे म्हणून हे पत्र मी लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही, रिपोर्ट लिहायची आहे, तेव्हा तसंच समज.

वही मी ताब्यात घेतली. डावा रकाना 'हिच्या पोटात काय गेलं'. उजवा रकाना मी काढून टाकला. आता काही उरत नाही, मी मोजून करतो. ओट्स मी करतो. पहिल्या दिवशी करपले. ती म्हणाली, "हे भिंतीला लावायचं का?" मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे."

परवा लोण्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण चाटताना पकडली. म्हणते, धुण्याआधी पुसत होते. वहीत नोंद केली आहे. सही कर म्हटलं, तर देवापुढे दिवा लावला आणि सही केली. खोटं नाही करता येत तिला, तेवढं बरं आहे.

जिना आम्ही रोज दोनदा चढतो, मुद्दाम, सावकाश. दुसऱ्या मजल्यावर थांबा आहे. मी ओरडतो, "उतरणारे उतरा!" मग पुढं जातो.

चिमणे, खिडकीत बसलो असतो तर महिन्यात मेलो असतो, असं मी म्हणायचो. ते खोटं होतं. खिडकीत बसलो असतो तर वैतागलो असतो, बस. मरतो कशानं माणूस, ते मला त्या खोलीत तिच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा कळलं.

चौदा नंबर वेळेवर आहे.

दादा


१६ ऑगस्ट

वन्सं,

रुसवा गेला. आकडाही गेला, म्हणजे उतरला. दोनशे नऊ. रक्तदाब पण ताळ्यावर आहे. बाई म्हणाल्या, गोळी चालू, चारा चालू. 'चारा' शब्द त्यांना शिट्टीनं शिकवला. कपडे पुन्हा सैल झाले, साबण तोच आहे. अंगठी निघाली, पण मी लगेच परत घातली.

जिन्याच्या पायऱ्या काही खचलेल्या नव्हत्या. घरमालकाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

यांची भक्ती पुरती उडाली असं मला वाटलं होतं. पण काल बघते तर कोनाड्यासमोर उभे, डोळे मिटून. मागं काही नाही, मी आधी बघून घेतलं, फक्त तुमचं जवस आहे. मी विचारलं, "कसला वास घेताय?" म्हणाले, "वास नाही. सवय लागली उभं राहायची." आता आम्ही दोघं उभे राहतो. ओट्स तोवर करपतात.

तुमचं ते पत्त्याचं वाक्य माझ्या मनात बसलंय. खरंच, देवाशी बोलताना मी हिशेब कच्चा ठेवला होता. काढ म्हणाले, पण कुठं ठेव ते नीट सांगितलं नाही, आणि जागा म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं. देवानं तरी काय करायचं? म्हणून आज नव्यानं मागितलं, एकेक शब्द तोलून. म्हटलं, देवा, आमच्या दोघांच्या रक्तातली उरलीसुरली चरबी काढ. मला देऊ नको, यांना देऊ नको, वन्संना देऊ नको, मास्तरांनाही नको. कुणाच्या कामी येईल म्हणून जपून ठेवू नको.

मग जरा थांबले. जीभ रेटेना. हे शेजारीच उभे होते, एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होते. शेवटी मी डोळे घट्ट मिटले आणि जन्मात पहिल्यांदा बोलले, "टाकून दे."

तुमची वहिनी